रोहित : नाही दिसला



या आठवड्याच्या टपालात एक रागावलेलं पत्र आलं. लिहिणारा मित्र नाशिकचा, इयत्ता सातवी. अक्षर इतकं सुंदर की काय सांगू! रागातसुद्धा इतकं छान अक्षर काढता येतं, हे मला त्याच्याकडून शिकायला हवं.

तो लिहितो, 'काका, तुमचं सदर आमच्या सरांनी वर्गात वाचून दाखवलं आणि आमची सहल नांदूर मधमेश्वरला नेली. आम्ही पहाटे साडेचारला उठलो. थंडीने दात वाजत होते. आणि तिकडे रोहित पक्षी दिसलाच नाही! दोन तास नुसती काळी बदकं बघितली. रविवार फुकट गेला. तुम्ही आधी सांगायला हवं होतं.'

घ्या! आता याला काय उत्तर द्यावं? पक्ष्यांना काही मी आमंत्रणपत्रिका पाठवत नाही. पण या मित्राचा राग मला समजतो, कारण गेल्या जानेवारीत मीही माझ्या भाच्याला आणि भाचीला घेऊन तिथेच गेलो होतो. रोहित आम्हालाही दिसला नाही. आणि त्या न दिसलेल्या रोहितावरून आमच्याकडे एक छोटंसं रामायण घडलं. ते आज तुम्हाला सांगतो. पत्राचं उत्तर त्यातच आहे.

गाळाची करामत

आधी जागेची ओळख करून घेऊ. नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीला कादवा नदी येऊन मिळते. या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंग्रजांच्या काळात, इथे दगडी बंधारा बांधला गेला. पाणी अडवायचं आणि कालव्यांनी शेतीला द्यायचं, एवढाच त्यामागचा हेतू. पक्ष्यांचा विचार त्या वेळी कोणाच्या डोक्यात असण्याचं कारणच नव्हतं.

पण नदी काय करते? पावसाळ्यात डोंगरावरची, शेतांमधली माती घेऊन धावत येते. धावतं पाणी माती उचलतं आणि पाणी थांबलं की माती खाली बसते. तांब्यात गढूळ पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी थर दिसेल. तसंच बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं होत राहिलं. गाळ साचला. पाणी उथळ झालं. मध्ये मध्ये मातीची बेटं तयार झाली, त्यांवर गवत, पाणकणीस उगवलं. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून पाणवनस्पती वाढल्या. वनस्पती आल्या तसे किडे आले, गोगलगायी आल्या, मासे आले. आणि जेवणाची एवढी सोय झाल्यावर पाहुणे येणारच!

म्हणजे बघा, गाळ साचला की बंधाऱ्यात पाणी कमी मावतं, म्हणून माणसं कपाळाला हात लावतात. पक्ष्यांना मात्र त्याच गाळाने घर मिळवून दिलं. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा हा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची इथे नोंद आहे. इराणमधल्या रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागा जपण्यासाठी देशादेशांचा एक करार झाला होता. त्या कराराच्या जागतिक यादीत नांदूर मधमेश्वरचं नाव गेल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा. लोक कौतुकाने तिला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. भरतपूर हे नाव लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

पाण्यावरची पंगत

आम्ही चापडगावच्या बाजूने आत शिरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. जानेवारीतली निफाडची थंडी म्हणजे काय, हे पेपर वाचणाऱ्यांना माहीत असेल. महाराष्ट्रातलं सर्वांत कमी तापमान हिवाळ्यात पुष्कळदा निफाडचंच असतं. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आमच्या धाकटीने, म्हणजे पाचवीतल्या भाचीने, दोन स्वेटर चढवले होते आणि वर माझा मफलर. थोरल्याने, म्हणजे आठवीतल्या भाच्याने, गळ्यात दुर्बीण अडकवली होती आणि हातात पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक. त्यामुळे त्याला थंडी वाजत नसावी.

इथे गावातली तरुण मंडळी मार्गदर्शक म्हणून काम करतात. आमच्याबरोबर एक दादा आले. अंगात खाकी जर्किन, खिशात वही आणि कानाला पेन्सिल. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? धाकटीचा लालभडक मफलर काढून पिशवीत ठेवायला लावला. भडक रंग आणि हलणारे हात पक्ष्यांना लांबूनच दिसतात. दुसरं काम, आम्हाला सूर्याकडे पाठ करून उभं केलं. सूर्य समोर असला की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. पत्र लिहिणाऱ्या मित्रा, तुमची 'काळी बदकं' यामुळे तर काळी झाली नव्हती ना?

अर्थात, एक काळा पक्षी तिथे खरोखरच ढिगाने असतो. त्याचं अंग कोळशासारखं काळं आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. म्हणून त्याला आपल्याकडे 'वारकरी' म्हणतात, कोणी 'चांदवा' म्हणतात. तो बदकासारखा पोहतो, पण बदक नव्हे. तो पाणकोंबड्यांचा भाऊबंद. त्याच्या पायाची बोटं बदकासारखी पडद्याने पूर्ण जोडलेली नसतात, प्रत्येक बोटाला चपट्या पाळ्या असतात. एवढं कळलं की काळी बदकं बघून कंटाळलो, असं कोण म्हणेल?

मनोऱ्यावर चढून बघितलं आणि मला लग्नातली पंगतच आठवली. एकाच पाण्यात शेकडो पक्षी जेवत होते, पण भांडण फार नाही. का? कारण प्रत्येकाचं ताट वेगळं.

शेकाट्याचे पाय बघा, लांबलचक आणि गुलाबी. तो पोटाला पाणी न लागता चालत जातो आणि किडे टिपतो. छोटे तुतवार काठाच्या चिखलात चोच खुपसत फिरतात. थापट्या बदकाची चोच पुढे फावड्यासारखी रुंद. तो पाण्यातून चोच फिरवतो आणि आपण चहा गाळतो तसं पाणी गाळून बारीक जीव खातो. तलवार बदकाची शेपटी लांब, टोकदार. ते डोकं पाण्याखाली घालून शेपटी आकाशाकडे करतं आणि तळातलं खातं. चमच्या पक्षी चोच अर्धवट उघडून पाण्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालतो. चोचीत काही लागलं की खट्कन मिटली! उघड्या चोचीच्या करकोच्याला गोगलगायी आवडतात. त्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते, पण शिंपल्याआडचा जीव बाहेर काढण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पाणकावळा बुडी मारून मासा आणतो आणि मग पंख पसरून उन्हात वाळवत बसतो. त्याचे पंख बदकाच्या पंखांपेक्षा जास्त भिजतात ना!

धाकटीला सगळ्यात आवडलं ते हळदी-कुंकू बदक. त्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी दोन लाल ठिपके. "मामा, हे बदक वटसावित्रीला जाऊन आलंय!" असं ती म्हणाली आणि दादांनाही हसू आवरेना.

कोण कधी येतं?

पाणथळ जागेचंही एक पंचांग असतं बरं का.

पावसाळ्यात पाणी वाढतं. तेव्हा घर असतं ते इथल्याच रहिवाशांचं. जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, अडई, टिबुकली यांची घरटी, पिल्लं याच दिवसांत. कमळपक्ष्यात अंडी उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम बाबांकडे असतं. आईने अंडी घातली की तिची जबाबदारी संपली.

पाऊस ओसरू लागला की पाहुण्यांची चाहूल लागते. अगदी पहिल्या तुकडीत येतो तो धोबी. चिमणीएवढा, सारखी शेपटी खालीवर हलवणारा. नोव्हेंबरात बदकांचे थवे उतरू लागतात. डिसेंबर आणि जानेवारी म्हणजे ऐन जत्रा. एक गंमत सांगतो. नुकते आलेले नर बहुतेक मळकट तपकिरी दिसतात, थेट मादीसारखे. हिवाळा पुढे सरकतो तशी त्यांना रंगीत पिसं येतात. म्हणून ऑक्टोबरात बदकं ओळखायला गेलात तर भलेभले गोंधळतात.

हे पाहुणे येतात कुठून? मध्य आशिया, सायबेरिया, हिमालयापलीकडचे प्रदेश. पुष्कळांना वाटतं, ते थंडीला घाबरून येतात. पण पिसांचा कोट असताना त्यांना थंडीची तेवढी भीती नसते. खरी अडचण पोटाची. तिकडची तळी गोठतात. बर्फाच्या लादीखालचं अन्न कसं काढणार? दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीराला निघायची सूचना मिळते. ते भरपूर खातात, अंगात चरबी साठवतात आणि निघतात. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला दिसणारा पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर यंत्र बसवून अभ्यास केला तेव्हा तो सात हजार मीटरपेक्षाही जास्त उंचीवरून गेल्याची नोंद झाली.

मार्च येतो, ऊन तापतं आणि पाहुणे परत निघतात. पाणी शेतीसाठी सोडलं की पातळी उतरते, चिखल उघडा पडतो, आणि चिखलात खाणाऱ्यांची चंगळ होते. म्हणजे बंधाऱ्यात पाणी किती आहे, त्यावर पंगतीला कोण बसणार हे ठरतं. रोहिताचंही तसंच. त्याला विस्तीर्ण आणि उथळ पाणी लागतं. जिथे ते मिळेल तिथे तो उतरतो. कधी इथे येतो, कधी येत नाही.

दोन वह्या

दहा वाजता आम्ही खाली उतरलो. झाडाखाली बसून डबे उघडले. आता वह्या बघू, म्हणून दादांनी हात पुढे केला.

थोरल्याने ऐटीत वही दिली. एकूण एकोणसाठ पक्षी! नावं एकाखाली एक, प्रत्येकासमोर आकडा. धाकटीच्या वहीत फक्त तेवीस. त्यातल्या तीन ठिकाणी लिहिलं होतं, 'नाव माहीत नाही.' एकीकडे पुढे लिहिलं होतं, 'सारखी शेपूट हलवतो. खाली बसला तरी हलवतो. पिवळं पोट.' दादा वाचून म्हणाले, "हा पिवळा धोबी. एकदम बरोबर लिहिलंय ताई तुम्ही."

मग त्यांनी थोरल्याची वही घेतली. बोट खाली खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. 'रोहित – २.'

"भाऊ, हा कुठं दिसला?"

थोरला गडबडला. "तिकडे... लांब होते."

"कुठल्या अंगाला? मलाबी दाखवा की. मी नोव्हेंबरपासून रोज वाट बघतोय त्याची."

आता थोरल्याचे कान लाल झाले. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग तो पुटपुटला, "पुस्तकात दिलाय ना, इथे येतो म्हणून. म्हणून लिहिला. शाळेत सगळे विचारणारच, रोहित दिसला का."

दादा रागावले नाहीत. त्यांनी खिशातली आपली वही काढली आणि त्याच्या हातात दिली. रोजची तारीख, वेळ, पाणी किती, आभाळ कसं, आणि खाली पक्षी. आम्ही पानं उलटत गेलो. प्रत्येक पानावर शेवटी एक ओळ होती. 'रोहित – नाही.' पुढच्या पानावर 'रोहित – नाही.' त्याच्या पुढच्या पानावर 'रोहित – नाही.' सगळा डिसेंबर तसाच.

"रोज नाही नाही काय लिहिता?" धाकटीने विचारलं.

दादा म्हणाले, "ताई, नुसतं आलेल्याचं लिहिलं, तर न आलेला कधीपासून नाही आला हे कसं कळायचं? भाऊनं आज दोन रोहित लिहिले. उद्या कोणी ही वही वाचली तर म्हणेल, यंदा रोहित आले होते, सगळं बरं चाललंय. आणि इथं तर एकबी नाही. मग पाण्यात काही बिघडलंय का, हे बघायला कोण येईल?"

थोरल्याने खोडरबर काढला. दादांनी त्याचा हात धरला. "खोडू नका. एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि बाजूला खरं काय ते लिहा."

त्याने रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'रोहित – नाही दिसला.' मग स्वतःहूनच वर गेला आणि आणखी बावीस नावांवर रेघा मारल्या. उरले छत्तीस. छत्तीस म्हणजे काही कमी नव्हेत!

माझा कैकर

मी तिथे मामा म्हणून बसलो होतो, पण खरं सांगू? त्या वेळी माझेही कान लाल झाले होते. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो.

कॉलेजात असताना मी एका पक्षी पाहणाऱ्या मंडळींबरोबर फिरायचो. त्यांत सगळ्यात लहान मीच. एक वयस्कर गृहस्थ आमचे म्होरके. ते एका तलावाच्या नोंदी कितीतरी वर्षं एका जाड रजिस्टरमध्ये लिहीत होते. एका रविवारी मी एकटाच तलावाच्या पलीकडच्या काठाला गेलो. विशेष काही दिसलं नाही. परत आलो तर सगळे विचारू लागले, काय दिसलं, काय दिसलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कैकर!"

कैकर म्हणजे मासे पकडणारा मोठा शिकारी पक्षी. हवेतून पाण्यावर झेपावतो आणि पायांत मासा धरून उडतो. मी आदल्या रात्रीच पुस्तकात त्याचं वर्णन वाचलं होतं. ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्होरके खूश झाले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि रजिस्टरमध्ये तारीख घालून नोंद केली. त्या तलावावरची ती कैकराची पहिली नोंद होती.

खरं सांगायचं रोज ठरवत होतो. जमलं नाही. आज ते गृहस्थ नाहीत. रजिस्टर कुठे असेल, मला ठाऊक नाही. पण ते जिथे असेल तिथे माझा खोटा कैकर त्यात बसलेला आहे. त्यांच्या इतक्या वर्षांच्या खऱ्या नोंदींमध्ये एक खोटी नोंद, आणि ती माझी. थोरल्याला रेघ मारायची संधी मिळाली, मला नाही मिळाली.

भरतपूरचे पांढरे क्रौंच

एका खोट्या आकड्याने एवढं काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. तर आता भरतपूरला चला.

राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव उद्यान म्हणजे जगप्रसिद्ध पाणथळ जागा. १९८५ साली ते जागतिक वारसा ठरलं. तेही मुळात माणसाने बांध घालून तयार केलेलं. संस्थानाच्या काळात तिथे बदकांच्या मोठमोठ्या शिकारी होत. किती पक्षी मारले त्याचे आकडे तिथे दगडावर कोरून ठेवले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एकाच दिवशी ४२७३ पक्षी मारल्याची नोंद त्यात आहे. योगायोग असा की १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अलींचा वाढदिवस. भरतपूरचे पक्षी वाचावेत म्हणून ज्यांनी आयुष्यभर धडपड केली, ते हेच सालीम अली. त्यांचा जन्म १८९६ सालचा.

या भरतपूरला दर हिवाळ्यात सायबेरियातून पांढरेशुभ्र क्रौंच येत. लाल चेहरा, पांढरं अंग, पंखांची टोकं काळी. तिथली माणसं दरवर्षी ते मोजून ठेवत. १९६० नंतरच्या दशकात ते दोनशेच्या आसपास होते. मग आकडे उतरू लागले. लांबच्या प्रवासात वाटेत त्यांची शिकार व्हायची, विसाव्याची तळी आटत होती. शेवटी शेवटी बोटांवर मोजता येतील इतकेच येऊ लागले. २००१-०२ च्या हिवाळ्यात फक्त एक जोडी आली. त्यानंतर भरतपूरच्या वहीत त्यांच्या नावासमोर एकच शब्द राहिला. 'नाही.'

विचार करा, त्या काळात एखाद्या उत्साही माणसाने 'दिसले असतीलच' म्हणून दहा-पंधरा जादा लिहिले असते तर? पक्षी कमी होताहेत हे कळायलाच उशीर झाला असता. ते क्रौंच आपल्याकडे येईनासे झाले, हे दुःख आहेच. पण त्यांचं काय झालं हे आज आपल्याला माहीत आहे, ते प्रामाणिकपणे मोजणाऱ्यांमुळे. आणि त्यातून शिकूनच उरलेल्यांना जपता येतं. याच जातीचे हजारो क्रौंच चीनमधल्या पोयांग सरोवरावर आजही हिवाळ्यात उतरतात. तिथेही माणसं वह्या घेऊन उभी असतात.

शेंगदाण्यांची मोजणी

१९८७ सालापासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्याकडेही पक्षीमित्र तलावांवर जाऊन मोजतात. तुम्ही विचाराल, पाण्यावर हजार बदकं बसली असतील तर मोजायची कशी? एकेक मोजेपर्यंत ती उडून जातील!

त्याची युक्ती अशी. थव्याच्या एका टोकाची दहा बदकं नीट मोजायची. दहा बदकं किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं. मग तेवढे तुकडे मनात पाडत पुढे जायचं, दहा, वीस, तीस... थवा फारच मोठा असेल तर शंभरचा तुकडा धरायचा.

याचा सराव घरीच करता येतो. आईला विचारून एक मूठ शेंगदाणे घ्या आणि थाळीत पसरा. पाच आकडे मोजेपर्यंत बघा आणि थाळी झाका. किती होते ते कागदावर लिहा. मग खरे मोजा. पहिल्या वेळी तुमचा अंदाज सपशेल चुकेल. आमच्या धाकटीने ११५ शेंगदाण्यांना ६० म्हटलं होतं, आणि मी म्हटलं होतं २००! आठ-दहा वेळा केलंत की डोळा तयार होतो. चुकलेला अंदाज मात्र खोडायचा नाही. आणि शेंगदाणे शेवटी खायचे.

पत्राचं उत्तर

तर माझ्या नाशिकच्या मित्रा, तुझा रविवार फुकट गेला नाही. तू एक पक्का निरोप घेऊन परत आलास. 'अमुक तारखेला, इतके ते इतके वाजेपर्यंत आम्ही बघत होतो आणि रोहित नव्हता.' एवढं वहीत लिहिलं असलंस तर तुझी वही खऱ्या पक्षीनिरीक्षकाची वही झाली. लिहिलं नसलंस तर आज आठवेल तेवढं लिही. आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असंच लिही.

बाकीच्यांसाठी या आठवड्याचं काम. तुमच्या जवळचं कुठलंही पाणी चालेल. धरण, तळं, ओढा, खाडी, अगदी गावाबाहेरचं डबकंसुद्धा. आईबाबांना किंवा ताई-दादाला बरोबर घ्या, एकट्याने काठावर जायचं नाही. एकाच जागी अर्धा तास शांत बसा. वहीत वर तारीख, वेळ, जागा. खाली तीन रकाने आखा :

१. काय दिसलं आणि किती.
२. दिसलं, पण नाव माहीत नाही. (रंग, चोच, पाय, काय करत होता हे लिहा.)
३. बघायला आलो होतो, पण दिसलं नाही.

थवा उडताना बघायचा म्हणून दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. परतीच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची ताकद त्यात खर्च होते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना फसवायचं नाही. घरट्याजवळ जायचं नाही. आणि डब्याचा कागद परत घरी आणायचा.

दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी जा. वर्षभराने ती वही उघडलीत की तुमच्या तळ्याचं पंचांग तुमच्या हातात असेल. आईबाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मुलं घरी आली की 'किती पक्षी दिसले?' असं आधी विचारू नका. 'काय बघितलंस, सांग' असं विचारा. आकड्यासाठी शाबासकी मिळते असं कळलं की आकडे वाढू लागतात. माझा कैकर असाच जन्माला आला होता.

थोरल्याचं पुढे काय झालं? फेब्रुवारीत त्याने दादांना स्वतः पत्र लिहिलं आणि रोहित आला का, असं विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं. पोस्टकार्डावर एकच ओळ होती.

'अजून नाही. पाणी उतरतंय. मी बघतोय.'

ते कार्ड त्याने आपल्या वहीत, रेघ मारलेल्या पानावर चिकटवलं आहे.

तुमच्या वह्यांची वाट बघतो. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमचा,
काका